क्लच सोडताना

२६ मार्च, शनिवार

ट्रॅक ओला, आतली बाजू मऊ. इंजिन दोन नंबर. मागची चक्री एकोणसाठ दाती.

एरवी मी वहीत एवढंच लिहितो. अठरा सीझनच्या अठरा वह्या कपाटात पडल्यात आणि सगळ्यांत हेच आहे: ट्रॅक कसा, इंजिन कुठलं, चक्री किती दाती, गुण किती. ही एकोणिसावी. या वेळी बोझेना म्हणाली, डोक्यात काय चाललंय तेही लिहीत जा. ऑक्टोबरात शर्यतीत कुंपणावर आदळल्यापासून मी घरात बोलतच नाही म्हणे. ठीक आहे. बायकोला सांगण्यापेक्षा वहीला सांगणं परवडलं, वही उलट प्रश्न विचारत नाही.

आज मशीनांना आशीर्वाद. पाद्रीबाबा पिटमध्ये, मशीनं तयार करतात तिथे आले, सगळ्या मोटरसायकलींवर पवित्र पाणी शिंपडलं. हेन्येककाकांनी दरवर्षीप्रमाणे आमच्या कार्ब्युरेटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. पाद्रीबाबा म्हणाले, देवावर विश्वास नाही वाटतं. काका म्हणाले, देवावर आहे, पाण्यावर नाही. काका म्हणजे माझे मेकॅनिक. पहिल्या सीझनपासून तेच. वय एकसष्ट, बोलणं कमी, आणि जे बोलतात ते पाना फिरवता फिरवता.

नंतर कोच कोर्बेल सरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, वाल्देक, तू सदतीस वर्षांचा झालास. शर्यतीमागे सरासरी दीड गुण काढलेस तर पुढच्या वर्षी तुझी जागा आहे. खाली घसरलास तर टाळ्या वाजवू, फुलं देऊ आणि निरोप देऊ. शर्यतीत चौघं असतात. पहिल्याला तीन, मग दोन, मग एक, शेवटच्याला भोपळा. म्हणजे दीड काही आभाळातला चंद्र नाही. मला वीस सीझन पुरे करायचेत. या क्लबात आजवर कुणी केलेले नाहीत. एकोणीस करून थांबणारा माणूस म्हणजे जिना चढून दाराबाहेर बसणारा.

डॉक्टरांनी विचारलं, काही दुखतं का. म्हटलं नाही. खरंच दुखत नाही. मान तीन आठवडे पट्ट्यात होती, ती आता झकास. सही, शिक्का. आमच्यात तसंही कुणी कुणाला काय दुखतं ते विचारत नाही. विचारलं की सांगावं लागतं, सांगितलं की डॉक्टर येतो आणि डॉक्टर आला की माणूस घरी बसतो. ज्याचं त्याने सांभाळावं. चांगली रीत आहे.

४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

घरचा सामना. ट्रॅक कडक. चक्री अठ्ठावन्न. चार शर्यती, गुण पाच.

सुटायलाच उशीर होतोय. या खेळात निम्मं काम पहिल्या दोन सेकंदांत होतं. समोरची फीत वर जाते, तू क्लच सोडतोस, पहिल्या वळणावर जो पुढे तो बहुधा शेवटपर्यंत पुढे. चारही वेळा मी वळणावर मागे. ट्रॅकवाल्याला म्हटलं, माझ्या जागेवर पाणी जास्त मारलंस. तो म्हणाला, चारही जागांवर एकाच टाकीतलं पाणी जातं, वाल्देकसाहेब. तोंडाळ आहे.

सकाळी सासूबाईंकडे न्याहारी. पाण्याचा ग्लास हातातून निसटून थेट त्यांच्या मांडीवर. सगळे हसले, आज एकमेकांवर पाणी उडवायचाच दिवस. सासूबाईंनीही तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओतून फिटंफाट केली. मीही हसलो. निसटला होता खरं तर.

१७ एप्रिल, रविवार

बाहेरगावी. ट्रॅक लांब, वळणं मोठी. चार शर्यती, गुण सहा. त्यातल्या एकीत फीत तोडली. फीत वर जायच्या आधी जो तिला लागला तो त्या शर्यतीतून बाद. गेल्या सात वर्षांत मी फीत तोडलेली नाही.

हँडलवरचं रबर नवीन आहे, गुळगुळीत. हात आपोआप सुटला. काकांना सांगितलं बदला. त्यांनी जुनं खरबरीत रबर चढवलं आणि माझ्या पंज्याकडे बघत राहिले. म्हटलं, काय बघताय? म्हणाले, हातमोजा मापाचा आहे ना? आहे की.

१ मे, रविवार

पुन्हा फीत. आणि तीही घरच्या मैदानावर, दहा हजार माणसांसमोर. सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला एक जण दुसऱ्या वळणावरून ओरडला, "वाल्देक, फीत कापायला मंत्री बोलावतात, तुला कुणी बोलावलं?" सगळा स्टँड हसला. आर्तुरही हसला. आर्तुर म्हणजे माझा जोडीदार, चोवीस वर्षांचा. आम्ही दोघं एकाच शर्यतीत, खांद्याला खांदा लावून असतो, मी आतून, तो बाहेरून. पोरगा गुणी आहे. माझ्यावर इतका विसंबून चालवतो की कधी कधी मलाच धडकी भरते.

काकांना म्हटलं, क्लच फार कडक झालाय, सोडताना झटका देतो. काका म्हणाले, बघतो.

१२ मे, गुरुवार

सराव. सराव झाल्यावर मशीनला टेकून आर्तुरशी गप्पा मारत होतो. बोझेना जेवणाचा डबा घेऊन आली आणि लांबूनच नाक वर करून म्हणाली, काहीतरी जळतंय. काका धावत आले, त्यांनी माझा डावा हात ओढला. सायलेन्सरवर होता. करंगळीच्या बाजूची कातडी पांढरी पडून सोलली होती.

आर्तुर म्हणाला, कमाल आहे बुवा तुझी, मी असतो तर बोंबललो असतो. म्हटलं, एकोणीस वर्षं मेथेनॉलमध्ये आणि तेलात बुचकळलेले हात आहेत, राठ झालेत. बोझेनाने मलम लावलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. मी मुद्दाम विचारलं, काय झालं? म्हणाली, तुला सांगायचं असेल तेव्हा सांग. निवृत्तीचं विचारत असणार. तिला वाटतं मी आतल्या आत थांबायचं ठरवतोय. अजिबात नाही.

५ जून, रविवार

चार शर्यती, गुण पाच. सरासरी १.४२.

फीत तोडणं थांबलं, देवाची कृपा. पण आता वेगळंच दुखणं. फीत वर जाते, मी क्लच सोडतो आणि मशीन जागीच रेंगाळतं. जोर चाकापर्यंत पोचतच नाही. इंजिन बदललं, चक्री बदलली, क्लचच्या नव्या प्लेटा आणल्या. काकांना विचारलं तर एकच पालुपद: "मशीन ठीक आहे." मग मी काय ढकलत नेऊ?

वाढदिवसाला बोझेनाने बूट दिले, बिननाडीचे. म्हातारे घालतात तसले. मी म्हटलं, आता काठीही आण. ती उठून आत गेली. चुकलंच माझं. संध्याकाळी घातले. आरामशीर आहेत.

१० जुलै, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

अकरावी शर्यत. मी आत, आर्तुर बाहेर, आम्ही दोघं पुढे. क्लबाला पाच गुण, समोरच्यांना एक, सरळ खिशात. दुसऱ्या वळणात माझ्या मशीनचं पुढचं चाक एकदम सरळ झालं आणि मी बाहेर फेकला गेलो, आर्तुरच्या अंगावर. त्याला ब्रेक मारायला ब्रेकच नाही, आमच्या कुणाच्याच मशीनला नसतो. तो कुंपणात गेला. मी उभा राहिलो. मी उभा होतो आणि तो पडला होता, हे सगळ्यात वाईट.

लाल दिवा. शर्यत थांबवल्याबद्दल मला बाद केलं. आर्तुरचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्या. शुद्धीवर होता, स्ट्रेचरवरून हात हलवला. आईने हंबरडा फोडला त्याच्या.

वळणात चरी पडली होती, चाक तिच्यात गेलं. ट्रॅकवाल्याला घेऊन नंतर पायी चालत गेलो. तो म्हणाला, दाखवा. मला सापडली नाही. तोवर ट्रॅक्टर फिरवून ट्रॅक सपाट केला होता त्यांनी.

१२ जुलै, मंगळवार

आर्तुरला भेटून आलो. बोझेनाने चेरीचा केक करून दिला होता. मी त्याला चरीचं सांगितलं. माफीही मागितली. तो छताकडे बघत म्हणाला, "वाल्देक, तू ट्रॅककडे बघत नव्हतास. स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होतास."

म्हटलं, इंजेक्शनचा अंमल आहे, झोप आता. तो म्हणाला, सकाळपासून इंजेक्शन दिलेलं नाही.

दोन महिन्यांत परत चालवणार म्हणतो. पुन्हा माझ्याच जोडीला द्या, असं त्याने कोचला सांगितलंय. हे ऐकून मला रडूच आलं, गाडीत बसून रडलो.

७ ऑगस्ट, रविवार

सामना नाही. काका मुलीकडे गेलेत. एकटाच गॅरेजमध्ये होतो, हाताला काम नव्हतं, म्हणून क्लच खोलला. खोलायला तास लागला, पाना सारखा हातातून सुटत होता. घाम फार येतो या दिवसांत.

आतल्या स्प्रिंगा माझ्या नाहीत. माझ्या कडक असतात, निळा ठिपका असलेल्या. या मऊ आहेत, शिकाऊ पोरांच्या मशीनला घालतात तसल्या. अशा स्प्रिंगांवर क्लच घसरणारच, मशीन रेंगाळणारच. मी खुळ्यासारखा इंजिनं बदलत बसलो. आणि ते मला तोंडावर सांगत होते, मशीन ठीक आहे.

पहिल्यांदा वाटलं चूक झाली असेल. पण दुसऱ्या मशीनचाही क्लच खोलला. त्यातही त्याच.

८ ऑगस्ट, सोमवार

काका आले तेव्हा मी स्प्रिंगा बाकावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. विचारलं, या कुणी घातल्या? म्हणाले, मी. कधी? मे महिन्यात. का? फडक्याला हात पुसत राहिले.

मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. माझा सीझन खाल्लात म्हणालो. वीस वर्षं मला भरवलेला घास काढून घेतलात म्हणालो. कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला, तेही विचारलं. ते ऐकताना त्यांनी एकदाच मान वर केली. मी आवाज चढवला की पूर्वी ते माझ्यावर डाफरायचे, "गप रे शेमड्या," म्हणायचे. आज तेही नाही. टोपी घेतली, पाने इथेच ठेवले आणि दारात थांबून म्हणाले, "कडक घालणार असशील तर घाल. पण मग आर्तुरच्या शेजारून चालवू नकोस."

आर्तुरचा इथे काय संबंध, देव जाणे. म्हातारपण माणसाला कुठल्या कुठे नेतं. मला त्यांचा राग आलाय आणि राग ओसरला की नुसतं रिकामं वाटतं. दुपारी सवयीने दोन कप कॉफी ओतली.

२८ ऑगस्ट, रविवार

कडक स्प्रिंगा. नवा मेकॅनिक मिरेक, बडबड्या आहे पण हात चलाख. चार शर्यती, गुण आठ. आठ! एकीत पहिला आलो. फीत वर गेली आणि मशीनने मला अक्षरशः वळणात फेकलं. स्टँड उभा राहिला होता. सरासरी १.५२.

कोर्बेल सरांनी पाठीवर थाप मारली. बोझेना कुंपणाला धरून उभी होती. मी जिंकलो तेव्हा बाकीच्या बायका उड्या मारत होत्या, ही आपली उभी. नंतर म्हणाली, छान चालवलंस. मग तिने विचारलं, हेन्येककाका दिसले का तुला? दुसऱ्या वळणाला तिकीट काढून उभे होते, दर सामन्याला असतात.

तिकीट काढून. तीस वर्षांत त्यांनी कधी तिकीट काढलं नसेल. काढू देत.

११ सप्टेंबर, रविवार

चार शर्यती, गुण पाच, पुन्हा एकदा फीत. सरासरी परत १.४९. मिरेक म्हणतो क्लच दोन बोटांनी धरता, चार बोटांनी धरा. मी चारच बोटांनी धरतो. त्याला दिसत नाही का?

आर्तुर परत आलाय. हाडात पट्टी आणि स्क्रू घालून. आमच्या पोरांना दोन महिने म्हणजे दोन महिने, डॉक्टर काहीही म्हणोत. शेवटच्या सामन्याला आम्ही पुन्हा जोडीला.

२४ सप्टेंबर, शनिवार

उद्या शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. हिशेब सोपा आहे. चार शर्यतींत सात गुण काढले की सरासरी दीडच्या वर आणि विसावा सीझन माझा. सहा झाले तर नाही.

मिरेकला एक युक्ती सांगितली आहे. वळणात डावा हात हँडलवरून घसरतो, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिकटपट्टीने हँडललाच बांधून टाकायची. क्लचला उरलेली दोन बोटं पुरतात. मिरेक म्हणाला, पडलात तर? पडलो तर मशीन माझ्यासोबत येईल, मला माहीत आहे. म्हणूनच पडायचं नाही. पट्टी हातमोज्याच्या रंगाची आणली, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. आधी नुसतं चालवून बघतो, गरज पडली तरच.

बोझेनाला सांगितलेलं नाही.

२६ सप्टेंबर, सोमवार

कालचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

पहिल्या तीन शर्यतींत गुण पाच. म्हणजे शेवटच्या शर्यतीत दुसरा आलो की झालं. तिसऱ्या शर्यतीत वळणात हात दोनदा सुटला, कसाबसा परत धरला. आर्तुर त्या शर्यतीत नव्हता. शेवटच्या शर्यतीत होता, माझ्या बाहेरच्या अंगाला, जुलैसारखाच.

पिटमध्ये आलो, मशीनवर बसलो आणि मिरेकला म्हटलं, बांध. त्याने दोन वेढे घातले. तिसरा घालत होता तेवढ्यात हेन्येककाका आत आले. दारावरच्या माणसाने त्यांना अडवलं नाही, वर्षानुवर्षांची सवय. टोपी, कोट, हातात कार्यक्रमपत्रिका, अगदी प्रेक्षकासारखे. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, खिशातून छोटा चाकू काढला आणि पट्टी कापून टाकली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. काकांनी चाकू मिटला आणि उजव्या हाताचं एक बोट माझ्यासमोर धरलं.

"धर."

"काय धर? शर्यतीला पाच मिनिटं राहिलीत."

"डाव्या हाताने माझं बोट धर आणि दाब."

धरलं. सुटका करून घ्यायची म्हणून धरलं.

"दाब," काका म्हणाले.

"दाबतोय की."

"आणखी."

"आणखी काय दाबू, मोडेल तुमचं."

काकांनी बोट बाहेर काढलं. ओढलंही नाही, नुसतं काढलं, लोण्यातून सुरी निघावी तसं. माझी मूठ तशीच राहिली, अर्धवट उघडी, आणि मी जिवाच्या कराराने दाबत होतो. माझ्या कपाळावर घाम आला होता इतकं दाबत होतो. मी मुठीकडे बघत राहिलो. दोन बोटं वाकतच नव्हती. ती माझी आहेत असं वाटेना.

काकांचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत आहे. वाटलं, लपवतोयस. म्हणून मीही तुझ्याबरोबर लपवत होतो. मऊ स्प्रिंग घातली म्हणजे हाताला पेलेल, फीत तुटणार नाही, तेवढाच सीझन निघून जाईल."

मी म्हटलं, मला नव्हतं माहीत. आणि हे खरं होतं. आईशप्पथ खरं होतं. एवढ्या महिन्यांत एकदाही मला असं वाटलं नाही की हाताला काही झालंय. ग्लास निसटला, पाना निसटला, सायलेन्सरवर हात भाजला, आर्तुर कुंपणात गेला. प्रत्येक वेळी मला दुसरंच काहीतरी सापडलं. आणि कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

आर्तुर तिथेच होता, शिरस्त्राण मांडीवर घेऊन. त्याने सगळं पाहिलं होतं. तो उठला आणि शिरस्त्राण घालू लागला. माझ्या शेजारून चालवायला तयार झाला होता तो, एवढं बघूनही.

मी मशीनवरून उतरलो. कोर्बेल सर पिटमधल्या फोनपाशी होते, तिथून रेफरीशी बोलता येतं. त्यांना म्हटलं, मी चालवत नाही, राखीव पोराला घाला. त्यांनी माझ्याकडे, मग काकांकडे पाहिलं. हुशार माणूस, समजला. फोनवर हात ठेवून हळूच म्हणाला, "मशीनमध्ये बिघाड म्हणून सांगतो. बिघाडाची शर्यत मी सरासरीत धरणार नाही. तीन शर्यतींत पाच, म्हणजे तू बरोबर दीडवर आहेस. हिवाळ्यात काय ते उपचार करून घे, पुढच्या वर्षी बघू."

विसावा सीझन असा समोर आला, ताटात वाढल्यासारखा. नुसती मान हलवायची होती. मी खोटं सांगत नाही, हलवावीशी वाटली. मशीन बिघडलं हे मी सबंध वर्ष सांगत आलोय, आणखी एकदा सांगायला काय जातंय? पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मऊ स्प्रिंगा, पुन्हा सगळे गप्प आणि बाहेरच्या अंगाला आर्तुर.

"मशीन ठीक आहे, सर," मी म्हटलं. "हात गेलाय. तसंच सांगा."

"तसं सांगितलं तर डॉक्टर येईल. लायसन घेऊन जाईल. या हातावर परत मिळणार नाही, वाल्देक."

"येऊ द्या."

सरांनी फोनवर तसंच सांगितलं. मग भोंग्यावरून सगळ्या मैदानाला सांगण्यात आलं: वाल्देमार पिएत्रुखा, हाताच्या दुखापतीमुळे माघार. टाळ्या नाहीत, फुलं नाहीत. लोकांना काय कळणार, पुढच्या सामन्याला येईल असंच वाटलं असेल. डॉक्टर आले. त्यांनी माझ्या करंगळीला टाचणी टोचली, मग शेजारच्या बोटाला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी विचारलं, टोचलं का? त्यांनी लायसनची पुस्तिका घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

आर्तुरचं मशीन ढकलून सुरू करायचं होतं आणि त्याचा मेकॅनिक राखीव पोराला तयार करण्यात गुंतला होता. मग मी आणि काकांनीच ढकललं. इंजिन पेटलं, मशीन आमच्या हातातून सुटून गेलं. आर्तुर दुसरा आला. चारही फेऱ्या नीट मारून, हसत परत आला. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो, तरी आजवर असा हायसं वाटलेला पराभव मला आठवत नाही.

काकांना म्हटलं, जे बोललो त्याची लाज वाटते. ते म्हणाले, "शेमडा तो शेमडाच." मग त्यांनी आपले पाने गोळा केले, फडक्यात बांधले आणि माझ्या गाडीत ठेवले. त्यांच्या नाही, माझ्या.

मी कपडे बदलायला गेलो. चामड्याचा सूट एका हाताने निघत नाही. बोझेनाला आत बोलावलं. बायकांना तिथे यायची मुभा नाही, पण कुणी हटकलं नाही. तिने चेन ओढली, बाह्या काढल्या. मी बाकावर बसलो आणि तिला सांगितलं. जन्मात कुणाला काय दुखतं ते सांगितलेलं नाही, म्हणून जिभेला वळण नव्हतं, शब्द सापडत नव्हते.

"बोझेना, डाव्या हाताला काही कळत नाही ग. दोन बोटांना. बहुतेक ऑक्टोबरपासून."

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, बूट काढत. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"दोन नाही," ती म्हणाली. "तीन. तिसरं जूनमध्ये गेलं."